सावलीतले खड्डे

१९५६ च्या मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या एका जमीन-निरीक्षकांनी तीस दिवसांची हक्काची रजा घेतली आणि त्या रजेत देवळी भागातल्या एक्केचाळीस शेतांत तीनशे एकोणसत्तर खड्डे स्वतःच्या हातांनी खणले. ही सगळी शेतं आदल्या वर्षी त्यांनीच सरकारी मदतीला अपात्र ठरवली होती. फेरतपासणी करा असा हुकूम वरून आला नव्हता. कुणाचा तक्रार-अर्जही नव्हता.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा वर्ध्यातला बातमीदार होतो. नालवाडीत त्यांचं आणि माझं बिऱ्हाड एकाच अंगणात होतं. पुढे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. जे पाहिलेलं नाही ते कुणाकडून कळलं, ते त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे.

त्यांचं वय तेव्हा बावन्न. अंगाने सडपातळ, उंची बेताची. खाकी अर्धी विजार, तिला चार मोठे खिसे. उजव्या बाजूच्या खिशांत वरच्या थरातली माती आणि डाव्या बाजूच्या खिशांत खालचा मुरूम, हा त्यांचा नियम होता. घरी आले की ते चारही खिसे अंगणात ताटांत उपडे करत. पितळेची सहा ताटं होती. सहाही ताटांत माती वाळत असे आणि प्रत्येक ताटाखाली आजनसरा, देवळी असं गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी असे. त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणत असू. पाहुणे आले की वहिनी पळसाच्या पत्रावळी काढत. एकदा पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, आज काही कार्य आहे का. वहिनी म्हणाल्या, कार्य नाई, ताटात आजनसरा वाळत आहे.

रोज सकाळी ते अंगणात चालत. विहिरीच्या काठापासून फाटकापर्यंत तेहेतीस पावलं व्हायला हवीत, असा त्यांचा हिशेब होता. शेतात साखळी न लावता पावलांनी अंतर काढावं लागतं, म्हणून पाऊल रोज तपासलं पाहिजे, असं ते म्हणत. तेहेतीस पावलांत फाटक आलं नाही तर किती कमी पडलं ते डायरीत लिहीत. "आज पाऊल अर्ध्या बोटाने आखूड. काल ताप होता." अशी एक नोंद मी स्वतः वाचली आहे.

कुणालाही ते अहो-जाहो करत. कचेरीतला शिपाई, भाजीवाली, शाळकरी पोरं, सगळ्यांना. रस्त्यात बैल आडवा आला तर सायकलवरून उतरून "सरका हो थोडं" म्हणत आणि बैल सरकेपर्यंत थांबत. ज्या गावांत त्यांचं काम असे तिथल्या एका गावात गोविंदा नावाचा म्हातारा कोतवाल होता. गाव त्याला गोंद्या म्हणे. निरीक्षकांनी पहिल्या दिवशी "गोविंदराव" अशी हाक मारली, तेव्हा तो मागे वळून कोण आलं आहे ते पाहू लागला. हे त्यानेच मला हसत सांगितलं.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते आधी उभे राहत आणि मालकाला तीनदा हाक देत. ओ आली तरच आत पाऊल टाकत. नाही आली तर परत जात आणि दुसऱ्या दिवशी येत. सरकारी माणसाला कुणाच्याही शेतात शिरायचा अधिकार असतो, हे त्यांना कचेरीत अनेकांनी सांगितलं होतं. पाणी ते कुणाच्या घरचं घेत नसत. सायकलच्या दांडीला पाण्याची कापडी छागल टांगलेली असे.

त्यांच्या बोलण्यातली दोन वाक्यं तालुक्याला पाठ झाली होती. एक, "कागदाले ऊन लागत नाई." कचेरीत बसून केलेल्या कुठल्याही नोंदीबद्दल ते हे म्हणत. दुसरं, "जमीन आडवी दिसते, पण असते उभी." एकरांत जमीन मोजणारा माणूस त्यांना अर्धा वाटे. खाली किती माती आहे, हाच त्यांच्या लेखी जमिनीचा खरा आकार होता. माणसं, गावं, सोयरिकी, सगळं ते मातीवरून ओळखत. आमच्या शेजाऱ्यांनी मुलासाठी पाहिलेल्या मुलीची माहिती सांगितली, तेव्हा यांनी एकच प्रश्न विचारला, की मुलीच्या वडिलांची जमीन कोणती. खरडी, म्हणजे हलकी, असं उत्तर आलं. "मग मुलगी कामाची असन," असं म्हणून ते आत गेले. सोयरीक झाली.

आता योजनेबद्दल. सारा ठरवणाऱ्या जुन्या बंदोबस्तापासून जिल्ह्यातल्या जमिनीचे वर्ग ठरलेले होते. काळी सर्वांत चांगली, मग मोरंड, मग खरडी, आणि शेवटी बरडी. बरडी म्हणजे टेकडीच्या उतारावरची, वर पातळ माती आणि खाली मुरूम असलेली. अशा हलक्या जमिनीसाठी सरकारने एक योजना काढली होती. शेत पात्र ठरलं तर माती वाहून जाऊ नये म्हणून त्यात सरकार बांध घालून देई, बियाणं देई आणि तीन वर्षं शेतसारा माफ करी. कसोटी सोपी होती. शेतात एक खड्डा खणायचा. हातभर खोल जाण्याआधी मुरूम लागला तर शेत योजनेत. नाही लागला तर शेत बाहेर. खड्डा कुठे खणायचा ते निरीक्षकाने ठरवायचं.

१९५५ च्या उन्हाळ्यात त्यांनी देवळी भागातली शेतं अशी तपासली. खड्डा गावचा कोतवाल खणी. कोतवाल बहुतेक म्हातारे होते. बरड जमिनीवर झाड विरळ असतं, शेतात एखादं बोर किंवा बाभूळ. वैशाखाच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला उघड्यावर खणायला लावणं निरीक्षकांना बरं वाटेना. शेतात झाड असेल तर ते म्हणत, "गोविंदराव, सावलीत घ्या." दुसऱ्या गावी दुसऱ्या कोतवालाला तेच म्हणत. खड्डा नेमका कुठे घेतला ते डायरीत लिहीत. "बाभळीच्या सावलीत, बुंध्यापासून चार पावलं पश्चिमेस." एकशे बारा शेतं त्यांनी अपात्र ठरवली. यादी गेली, मंजूर होऊन आली. पात्र शेतांत बांधांचं काम सुरू झालं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये असाच एक नवा बांध पाहायला ते निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. मला बांधांवर बातमी करायची होती. ते गाव देवळीच्या पुढे टेकडीच्या पायथ्याला होतं, गोविंदा कोतवालाचंच गाव. गोविंदा सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आमच्याबरोबर आला होता. बांध पाहून झाला. शेजारच्या शेतात दोन बाया दगड वेचत होत्या. त्यांतली मोठी, पन्नाशीची, हातातलं काम थांबवून आमच्याकडे पाहत होती. तिचं नाव पार्वताबाई. दुसरी तिची सून.

पार्वताबाईची जमीन दानात मिळालेली होती. त्या वर्षांत मोठ्या शेतकऱ्यांनी भूमिहीनांना जमिनी दान दिल्या होत्या, त्यांतली ही पाच एकर. दात्याने ती मोरंड म्हणून लिहून दिली होती. गावात यावर एक बोलणं चालत असे, की ज्या वावरात त्याचे बैल जायला तयार नव्हते ते त्याने देवाला दिलं. दानाला एक अट होती. जमीन लागोपाठ दोन वर्षं पडीत राहिली तर दानाचं काम पाहणाऱ्या समितीने ती परत घ्यायची आणि दुसऱ्याला द्यायची. पार्वताबाईने पहिल्या वर्षी ज्वारी पेरली, ती उतारावरून मातीसकट वाहून गेली. दुसऱ्या वर्षी योजनेत नाव येईल म्हणून वाट पाहिली. नाव आलं नाही, बियाणं नव्हतं, वावर पडीत राहिलं. आता दुसरं पडीत वर्ष तोंडावर होतं. हे सगळं नंतर सुनेने सांगितलं. पार्वताबाई त्या दिवशी यातलं काहीच बोलली नाही.

निरीक्षक नेहमीप्रमाणे धुऱ्यावर थांबले आणि बोलावलं तेव्हा आत गेले. तिने हातातला दगड ढिगावर टाकला.

"सायेब, मागच्या साली तुमी गड्डा केलता, थो त्या बाभळीखाली."

"हो, बाई."

"झाडानं जागा पाहूनच मूळ धरलं ना. या साऱ्या वावरात मातीची जागा तेवढीच हाये. तुमी झाडाची जमीन मोजली. माही नाई मोजली."

तिच्या आवाजात राग नव्हता. रस्ता चुकलेल्या माणसाला रस्ता सांगावा तशी ती बोलली.  निरीक्षकांनी गोविंदाच्या हातातली सब्बल घेतली, झाडापासून तीस पावलं चालत गेले आणि भर उन्हात खणू लागले. वीतभर गेल्यावर सब्बल खण्णकन वाजली. आणखी पन्नास पावलं गेले. तिथे वीतही गेली नाही. तिसऱ्या जागी चार बोटांवर मुरूम होता. मग ते धुऱ्यावर येऊन बसले, उन्हातच. पिशवीतून गेल्या वर्षीची डायरी काढली आणि पहिल्या पानापासून वाचत गेले. मी शेजारी होतो. पान उलटताना ते पेन्सिलीने बारीक खूण करत होते. गोविंदाने दोनदा म्हटलं, "सायेब, सावलीत या." दुसऱ्यांदा त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "नाई गोविंदराव. सावलीतच बिघडलं."

एकशे बारांपैकी एक्केचाळीस शेतांतला खड्डा झाडाखाली घेतलेला होता. हे कुणी शोधून काढायची गरज नव्हती. त्यांच्याच अक्षरात, दिशा आणि पावलांसकट, सगळं लिहिलेलं होतं.

त्यानंतर माझ्या पाहण्यात ते कधीही कुणाच्या शेतात झाडाखाली उभे राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते वर्ध्याला वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे गेले. तिथला संवाद मला दोघांकडून स्वतंत्रपणे कळला, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. अधिकारी चांगला माणूस होता. त्याने सांगितलं की यादी बंद झाली आहे, जिल्हा मध्यप्रदेशातून निघणार हे ठरत आलं आहे, कुठे जाणार हेच अजून कुणाला ठाऊक नाही, अशा वेळी जुनी यादी उघडली तर मंजूर नावंही अडकतील. मग त्याने विचारलं, "ही चूक पकडली कुणी?"

"एका बाईनं."

"तिचा अर्ज आहे?"

"नाई."

"मग कशाला उगीच? अर्जच नाही, तर मामलाच नाही."

"अर्ज हाये. मी आणला," असं म्हणून निरीक्षकांनी कागद पुढे ठेवला.

अधिकाऱ्याने एक वाट काढून दिली. चूक कोतवालाची म्हणून दाखवू, खड्डा त्याने चुकीच्या जागी खणला असं लिहू. म्हणजे निरीक्षकाच्या नोकरीवर ठपका येणार नाही आणि यादीही दुरुस्त होईल. निरीक्षक म्हणाले की जागा त्यांनी दाखवली होती. अर्जात पहिल्या ओळीत तेच लिहिलेलं होतं. शेवटी अधिकाऱ्याने तीन अटी घातल्या. फेरतपासणी स्वतःच्या रजेत करायची. कोतवालाची किंवा कुणाची मदत घ्यायची नाही, म्हणजे पुन्हा कुणाच्या नावाने बोट दाखवायला नको. आणि जूनच्या पहिल्या तारखेला यादी टेबलावर हवी. वर नागपूरहून शंका निघू नये म्हणून त्याने आणखी एक गोष्ट सुचवली, की एका खड्ड्याऐवजी शेताला नऊ खड्डे घ्यावेत आणि नऊपैकी एकही हातभर खोल गेला तर ते शेत बादच समजावं. निरीक्षकांनी ती सूचना लगेच मान्य केली. अधिकाऱ्याने मला सांगितलं, "मला वाटलं, नऊ म्हटल्यावर सोडून देईल."

वहिनींनी त्या महिन्यात आर्वीला भाचीच्या लग्नाला जायचं ठरवलं होतं. त्या एकट्या गेल्या.

नऊ खड्ड्यांच्या जागा त्यांनी शेतात ठरवल्या नाहीत. घरी बसून प्रत्येक शेताच्या नकाशावर उभ्या-आडव्या रेघा मारून नऊ सारखे भाग केले आणि प्रत्येक भागाच्या मध्यावर फुली केली. फुली पडली ती जागा. शेतात गेल्यावर मालकाने जागा दाखवायची नाही आणि आपणही डोळ्यांनी निवडायची नाही, असा नियम त्यांनी स्वतःसाठी केला. धुऱ्यापासून पावलं मोजायची, पाऊल जिथे थांबेल तिथे खणायचं. तपासणी चालू असताना मालकाने वावराबाहेर उभं राहायचं.

त्या महिन्यात मी सात दिवस त्यांच्याबरोबर गेलो. पहाटे नालवाडीहून सायकल निघे. फटफटायच्या आत ते पहिल्या शेताच्या धुऱ्यावर असत, मालकाला तीनदा हाक देत आणि कामाला लागत. ऊन वाढलं की काही वेळ देवळाच्या किंवा शाळेच्या ओट्यावर बसत, चार वाजता पुन्हा सुरू. दिवसाला तेरा-चौदा खड्डे. खोली मोजायला बांबूची काठी होती, तिच्यावर चाकूने खाचा केलेल्या. ही काठी ते रोज पितळी पट्टीला लावून पाहत. खड्डा मोजून झाला की भरत. भरताना मुरूम खाली आणि माती वर जायला हवी, याकडे त्यांचं खणण्याइतकंच लक्ष असे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "उलटं भरलं तर त्या जागी पाच वर्सं काही येत नाई. माह्या चुकीपाई त्याचं वावर काऊन खराब करू?"

पहिल्या आठवड्यात हातांना फोड आले, दुसऱ्यात फुटले. वहिनी नसल्यामुळे हळद ते स्वतःच लावत. फडकी बांधून खणत. मी एकदा सब्बल हातात घेतली तर त्यांनी ती परत मागितली. "तुम्ही पेपरवाले. तुमची मदत घेतली तर ते छापून येईन," असं म्हणाले. हसले नाहीत. मी बातमी पाठवली होती. संपादकांनी ती घेतली नाही. खड्डे खणणे ही बातमी नव्हे, असं त्यांनी कार्डावर कळवलं.

गावांत त्यांच्याबद्दल तर्क चालले होते. एका गावात असं पसरलं की मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली तेव्हा जुन्या मालगुजाराने सोनं पुरून ठेवलं, आणि सरकारने गुपचूप माणूस पाठवला आहे. "नाईतर सायेब माणूस कायले उन्हात मरते?" असं एकाने मला विचारलं. निरीक्षक पुढच्या शेताला गेले की मागे काही जण त्यांचे भरलेले खड्डे पुन्हा उकरत. एका ठिकाणी कंबरभर खोल गेले. निघाला तो मुरूमच. निरीक्षकांना हे कळलं, तेव्हा ते दुसऱ्या दिवशी त्या गावाला वळसा घालून गेले आणि तो खड्डा नीट भरून आले.

रजेच्या सत्ताविसाव्या दिवशी एकच शेत उरलं होतं, पार्वताबाईचं. ते त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. जिने चूक दाखवली तिचं काम आधी केलं असं कुणी म्हणायला नको, हे त्यांचं कारण. एप्रिलमध्ये तिथे खणलेले तीन खड्डे त्यांनी धरले नाहीत, कारण त्या जागा त्यांनी डोळ्यांनी निवडल्या होत्या. चाळीस शेतांपैकी अठ्ठावीस पात्र झाली होती, बारा नाही.

मी त्या दिवशी होतो. पार्वताबाई, सून आणि गोविंदा धुऱ्यावर उभे होते. पहिले पाच खड्डे वीतभराच्या आत संपले. सहाव्यासाठी ते पावलं मोजत निघाले. सरळ रेषेत, मान खाली. आम्हाला वरून दिसत होतं की ती रेषा कुठे जाते आहे. पाऊल थांबलं तेव्हा ते बाभळीच्या सावलीत उभे होते. बुंधा पाच पावलांवर.

गोविंदा हळूच म्हणाला, "दोन पावलं इकडं झालं तर कोनाले समजते?"

त्यांनी ऐकलं असावं.  तिथेच खणलं. काठी एक हाताची खाच ओलांडून आत गेली आणि टोकाला काळी माती घेऊन वर आली. त्यांनी आकडा लिहिला. मग उरलेले तीन खड्डेही खणले. शेत बाद झालं तरी नऊ पूर्ण व्हायला हवेत म्हणून. ते तिन्ही मुरमाचे निघाले. नवव्याची माती भरून झाल्यावर ते धुऱ्याकडे आले.

"किती निघालं?" पार्वताबाईने विचारलं.

"आठ जागी मुरूम. झाडाखाली हातभरापेक्षा जास्त."

"मंग?"

"मंग वावर बाद होते, बाई."

सून खाली बसली. पार्वताबाई बाभळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पन थी जागा आमी कधी पेरलीच नाई. नांगर तिथं आला का बैल आपोआप वळते. दगड टाकतो तिथं आमी. जिथं दाना पडला नाई, थे वावर कसं झालं, भाऊ?"

 निरीक्षक वळले, पुन्हा बाभळीकडे गेले आणि तिथे गुडघ्यांवर बसले. बराच वेळ ते जमीन हातांनी चाचपत होते. पिकाची जुनी धसकटं आहेत का ते पाहत होते, हे मला जवळ गेल्यावर कळलं. धसकटं नव्हती. गुरांच्या शेणाचा जुना थर होता, बाभळीच्या शेंगांचा चुरा होता. शेवटचं तास, म्हणजे नांगराची ओळ, बुंध्यापासून अकरा पावलांवर वळलं होतं.

जमिनीच्या कागदांत पोटखराब नावाची एक नोंद असते. शेतातला जो तुकडा पेरला जात नाही, ओढा, खाण, झाडोरा, तो शेताच्या मापातून वजा करतात. वजा केलेल्या जागेतला खड्डा शेताचा खड्डा धरता येत नाही. परंतु ती जागा कधीच पेरली गेली नाही हे मालकाच्या सांगण्यावर मानता येत नव्हतं. निरीक्षकांनी गोविंदाला विचारलं, गावचा कोतवाल म्हणून.

"गोविंदराव, या झाडाखाली नांगर फिरलेला कधी पाहिला?"

"सायेब, मी चाळीस वर्सं इथं गुरं बसलेली पाह्यली. मालक बदलले, गुरं तीच जागा धरून बसते. नांगर नाई पाह्यला."

"नांगर पाह्यला असता तर सांगितलं असतं का?"

"सांगितलं असतं. बाईसाठी खोटं बोलाले ती माही कोन लागते?"

पार्वताबाई म्हणाली, "लागतो ना रे, मागच्या उन्हाळ्यात या सावलीत खनलं, तवापासून सावलीतला भाऊ." गोविंदाने मान खाली घातली. निरीक्षक पहिल्यांदा हसले.

शेजारच्या दोन शेतकऱ्यांनाही त्यांनी वेगवेगळं बोलावून तोच प्रश्न विचारला. उत्तर तेच आलं. मग त्यांनी साखळी लावून शेवटच्या तासापासून बुंध्यापर्यंतची जागा मोजली आणि ती पोटखराबीत लिहिली. त्या शेतातली सर्वांत चांगली माती अशी कागदावर खराब म्हणून लागली. बाकीच्या शेताचे आठही खड्डे मुरमाचे होते.

लिहून झाल्यावर ते निघतील असं आम्हाला वाटलं. ते डायरीची पानं मागे उलटत होते.

"तीन वावरं अशीच गेली," ते म्हणाले. "एकेकच खड्डा खोल निघाला, तोही झाडाखाली. हे मले तेव्हाच सुचाले पाहिजे होतं. बाईले सुचलं, मले नाई."

अकरा वाजत आले होते. ते सायकल घेऊन त्या उन्हातच पहिल्या शेताकडे गेले. दोन दिवसांत त्यांनी तिन्ही शेतं पाहिली. पहिल्या दोन ठिकाणी झाडाखाली नांगर फिरत नव्हता, साक्षी मिळाल्या. तिसऱ्या शेताच्या मालकानेही छातीठोक सांगितलं की तिथे कधी पेरा झाला नाही. निरीक्षकांनी झाडाच्या बुंध्याला लागून दोन बोटं माती बाजूला केली आणि पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, धसकटं दाखवली. "बाप्पा, वाहत्या गंगेत हात धुवायची तुमची घाई झाली," एवढंच म्हणाले. ते शेत बादच राहिलं. हा प्रसंग मी पाहिलेला नाही. त्या मालकानेच तो पुढे चारचौघांत हसत सांगितला.

रजेच्या शेवटच्या दिवशी त्यांनी यादी सुवाच्य अक्षरात उतरवली. एकतीस नावं. वर सहा पानांचं निवेदन जोडलं. त्यातला पहिला परिच्छेद माझ्याकडे उतरवून घेतलेला आहे. "गतवर्षी अपात्र ठरविलेल्या शेतांपैकी एक्केचाळीस शेतांत खड्ड्याची जागा मी झाडाखाली निवडली. झाड असते तेथे माती खोल असते, हे मला माहीत असावयास हवे होते. कोतवालांनी माझ्या सांगण्याप्रमाणे खणले. चूक माझी आहे."

जूनच्या पहिल्या तारखेला सकाळी त्यांनी तो गठ्ठा अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला. अधिकाऱ्याने निवेदन वाचलं आणि त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग शिपायाला बोलावून पाणी आणायला सांगितलं. हे पाणी ते प्यायले. हे अधिकाऱ्यानेच मला सांगितलं, आणि त्यांनी दुसऱ्याकडचं पाणी घेतल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण आहे.

त्या पावसाळ्यात पार्वताबाईने सुनेच्या माहेरून बियाणं आणून एक एकर पेरलं, वावर पडीत राहू नये म्हणून. पीक फारसं आलं नाही. समितीचा माणूस येऊन पाहून गेला आणि जमीन पेरलेली आहे असं लिहून घेऊन गेला.

यादी ऑक्टोबरमध्ये, जिल्हा मुंबई राज्यात जाण्याच्या दोन आठवडे आधी, मंजूर होऊन नागपूरहून आली. एकतीसही नावं कायम होती. त्याच टपालात निरीक्षकांना कामात हयगय केल्याबद्दल लेखी ताकीद होती आणि आष्टीला बदलीचा हुकूम होता. ताकीद सेवापुस्तकात लागली. त्यांनी तिच्याविरुद्ध अर्ज केला नाही. वहिनी आणि सामान मोटारीने गेलं. ते सायकलने गेले. वाटेत एका गावी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या वेळी हजर झाले. पुढे ते त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले.

पार्वताबाईच्या शेतातलं बांधांचं काम १९५७ च्या जानेवारीत सुरू झालं. मी फेब्रुवारीच्या शेवटी त्या गावच्या पटवाऱ्याचं दप्तर पाहिलं. नोंद अशी होती. पेरणीयोग्य क्षेत्रावर बांध सात, काम पूर्ण, बियाणं दिलं, शेतमालकाचा अंगठा.